सवाईईची लाट आणि मधे आलेला रविवार

निघायच्या आदल्या रात्री, बुधवारी, ऑकलंडला असला वारा सुटला होता की खिडक्या रात्रभर थडथडत होत्या. नवरा बोर्डबॅगेत टॉवेल कोंबत होता आणि मी सोफ्यावर बसून मोबाईलवर त्याच वादळाचा नकाशा सारखा सारखा बघत होते. आमच्या डोक्यावरून जाऊन ते पुढे आग्नेयेला भर समुद्रात सरकणार होतं आणि तिथून त्याच्या लाटा वर उत्तरेकडे निघणार होत्या, म्हणजे आम्ही सर्फिंगला जिथे चाललो होतो त्या पॅसिफिकमधल्या सामोआच्या सवाईई बेटाकडेच.

याचा हिशोब सोपा असतो. एका लाटेमागून दुसरी यायला १४ सेकंद लागत असतील तर ती स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांची रांग, खोल समुद्रात ताशी साधारण ३९ किलोमीटरने पुढे सरकते. ऑकलंड ते सामोआ अंतर २,९०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तीन दिवस आणि वर थोडं. मी बोटं मोजली, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, म्हणजे शनिवारी मध्यरात्री नाहीतर रविवारी पहाटे माल पोचणार. तिथल्या गावांत रविवारी समुद्रात उतरत नाहीत हे मी वाचलेलं होतं, पण या दोन गोष्टी तेव्हा डोक्यात जोडल्याच गेल्या नाहीत.

थोडं आधीचं सांगते. मी मूळची अलिबागजवळच्या नागावची, समुद्र लहानपणापासूनचा, पण सर्फिंग शिकले ती इकडे आल्यावर, ऑकलंडजवळच्या पिहाच्या काळ्या वाळूत, थंडीत जाड वेटसूट घालून. मी गूफी, म्हणजे बोर्डवर उजवा पाय पुढे, त्यामुळे डावीकडे फुटत जाणारी लाट मला समोरून दिसते आणि तशी रीफवरची, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या खडकावर फुटणारी, डावी लाट गर्दीशिवाय मिळावी ही माझी कित्येक वर्षांची इच्छा होती. बालीला जाऊन आलो होतो, तिथे एकेका लाटेवर सात-आठ जण तुटून पडतात. सवाईईचं नाव एका सर्फर मैत्रिणीने सांगितलं. आईला फोनवर नाव सांगितलं तर तिला सवाई गंधर्वच आठवलं आणि आमच्या घरात त्या बेटाचं नाव तेव्हापासून नुसतं सवाईच पडलं.

गुरुवार

ऑकलंडहून विमान चार तासांच्या आतबाहेर, फालेओलो विमानतळ उपोलू बेटावर, तिथून मुलिफानुआचा धक्का अगदी जवळ, आणि फेरीने तासाभरात सवाईई. यात काहीच अडलं नाही म्हणून जास्त लिहीत नाही. फक्त फेरीच्या डेकवर उजवीडावीकडे नक्की बघा, वाटेत आपोलिमा नावाचं छोटं बेट लागतं, ते म्हणजे ज्वालामुखीचं तोंडच पाण्यावर आलेलं आहे, एका बाजूने कडा फुटलेली आणि आत वाटीच्या तळाशी एक गाव वसलेलं.

सवाईई हे सामोआतलं सगळ्यात मोठं बेट, जवळपास १,७०० चौरस किलोमीटर, आणि सगळं मिळून एक पसरट ढालीसारखा ज्वालामुखी. मधलं सिलीसिली शिखर १,८५८ मीटर आहे, पण चढ इतका संथ आहे की डोंगर आहे असं वाटतच नाही. गाडी भाड्याने घेतली. सामोआने २००९ साली सप्टेंबरमध्ये गाड्या उजवीकडून डावीकडे आणल्या, त्यामुळे आपल्याला चालवायला काही त्रास नाही, फक्त डुकरं आणि पोरं रस्त्यात असतात, हळू चालवा. फेरी लागते त्या सालेलोलोगालाच एटीएममधून रोख काढून घ्या, पुढे पश्चिमेला ताला, म्हणजे इथलं चलन, मिळायची खात्री नाही.

दक्षिण किनाऱ्याने सतुइआतुआला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. राहायला फाले, म्हणजे खांबांवर छप्पर, भिंती नाहीतच, झावळ्यांच्या विणलेल्या ताट्या वारापाऊस आला की खाली सोडायच्या, जमिनीवर गादी आणि मच्छरदाणी. जवळच एक अवाढव्य वड, पारंब्यांचं जंगलच झालेलं. फालेची मालकीण पन्नाशीच्या पुढची, भरदार आवाजाची, मी पहिल्याच संध्याकाळी मनातल्या मनात तिला मावशी म्हणायला लागले.

सामान टाकून आम्ही समुद्राकडे निघणार तेवढ्यात गावातून शंख ऐकू आला. खरा शंख, लांब फुंकलेला. मावशींनी हातानेच खाली बसा अशी खूण केली. ही 'सा'ची वेळ, संध्याकाळची प्रार्थना, तेव्हा गावात कोणी इकडेतिकडे फिरायचं नाही, आपापल्या घरात बसायचं. आम्ही मांडी घालून बसलो. शेजारच्या फालेतून गाणं सुरू झालं, मग पलीकडच्या, आणि मला आमची नागावची आजी आठवली, दिवेलागणीला उंबऱ्यावर बसू द्यायची नाही, बाहेरून हाक मारून आत घ्यायची. पंधरा-वीस मिनिटांनी परत शंख झाला आणि गाव हलायला लागलं.

शुक्रवार

पहिल्या दिवशी लाट लहान होती, कमरेएवढी, आणि तेच बरं झालं, कारण अनोळखी रीफवर आधी नुसतं बघायला लागतं. पहाटे सहाला मावशींचा नातू, बारा-तेरा वर्षांचा असेल, तुटक्या नाकाचा जुना बोर्ड काखेत धरून आमच्या पुढे चालायला लागला. त्याने बोट करून दाखवलं, तिथे पाणी गडद निळं आहे ते चॅनल, तिथूनच आत जायचं आणि तिथूनच परत यायचं. बाकी सगळीकडे पिवळट तपकिरी रंग, म्हणजे खाली प्रवाळ, आणि तो किती खाली हे भरती-ओहोटीवर.

इथे पॅडल फार लांब नाही. त्याचं कारण बेटाच्या वयात आहे असं मला नंतर समजलं. जुन्या बेटांभोवती रीफ किनाऱ्यापासून लांब जाते आणि मधे शांत लगून तयार होतं. सवाईईचा हा भाग तरुण लाव्ह्याचा, किनारा म्हणजे बऱ्याच ठिकाणी काळाभोर कातळ सरळ समुद्रात उतरलेला, रीफ अरुंद पट्ट्यासारखी त्याला चिकटून. आणि पलीकडे एकदम खोल पाणी. आपल्या कोकणासारखा उथळ तळ मैलोन्मैल नाही, त्यामुळे दक्षिणेकडून आलेली लाट वाटेत कुठे घासत नाही, सगळी ताकद शाबूत घेऊन येते आणि रीफच्या कडेवर एकदम उभी राहते.

पाण्यात आम्ही तिघंच. पाणी कोमट, अंगात फक्त रॅश गार्ड. लहान लाटांवर मी आठ-दहा वेळा उभी राहिले आणि दर वेळी खाली प्रवाळाचे गड्डे आणि त्यात पळणारे निळे-हिरवे मासे सरकताना दिसत होते, इतकं नितळ. साडेनऊच्या सुमारास आग्नेयेचा वारा आला आणि पाणी खडबडीत झालं. हे रोजचं आहे. मे ते ऑक्टोबर व्यापारी वारे असतात, म्हणून पहाट ही खरी वेळ, आठ वाजता उठून चहा घेत बसलात तर दिवस गेला समजा.

सोबत काय न्यावं ते इथेच सांगते कारण बेटावर सर्फिंगचं दुकान मला तरी दिसलं नाही. दोन जास्तीच्या लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी), बोर्डखालच्या फिनचा एक पूर्ण सेट, गरम पाण्यासाठीचं कडक वॅक्स (थंड पाण्याचं इथे वितळून बोर्डवरून ओघळतं), रीफ बूट, उन्हासाठी झिंक, आणि जखमेसाठी अँटिसेप्टिक आणि टेप भरपूर. डासांचं क्रीम दिवसासुद्धा लावा, डेंग्यू होतो.

शनिवार

ओहोटी लागलेली असताना मी "अजून एकच" म्हणून थांबले ही चूक. लाट घेतली, ती पुढे एकदम बंद झाली, पडताना मी शिकवल्याप्रमाणे पाठीवर पसरून पडले, पाय खाली टेकवले नाहीत, पण उजवं कोपर घासलंच. चार इंचांचा ओरखडा, खोल नव्हता. पण प्रवाळाची जखम दिसते त्यापेक्षा वाईट असते, बारीक कण आत राहतात आणि या उष्ण दमट हवेत दोन दिवसांत पू धरतो. मावशींनी मला नळाखाली बसवलं, मऊ ब्रश आणि साबणाने मी ओरडत असताना तो ओरखडा धुतला, वरून आमचं अँटिसेप्टिक. दिवसातून तीनदा हेच करायचं, कोरडं ठेवायचं. मोठं हॉस्पिटल बेटाच्या पूर्वेला तुआसिवीला आहे आणि आम्ही होतो पश्चिमेला, हे ध्यानात ठेवूनच इथे पाण्यात उतरायचं असतं.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याने उत्साहाने सांगितलं की उद्या पहाटे मोठी स्वेल येतेय. मावशी शांतपणे म्हणाल्या, "उद्या रविवार."

मग त्यांनी समजावून सांगितलं. समोरची रीफ, किनारा, लाट हे सगळं गावाचं आहे. गावाचा कारभार फोनो बघते, म्हणजे घराघरांच्या मताईंची, कुटुंबप्रमुखांची, बैठक. कोणी नियम मोडला तर दंड त्या माणसाला नाही, तो ज्या घरी आहे त्या घराला होतो, डुकरं, डबाबंद माशांच्या पेट्या असं काहीतरी. "तुम्ही पाण्यात दिसलात तर सोमवारी बैठकीत माझ्या घराचं नाव निघेल," एवढंच म्हणाल्या आणि नवऱ्याच्या ताटात आणखी एक तुकडा निरफणस वाढला. नवऱ्याने लगेच हात जोडून सॉरी म्हटलं. माझ्या मनात मात्र रात्रभर तेच चालू होतं, तीन दिवसांपूर्वीच्या त्या खिडक्या, आणि उद्या.

रविवार

रात्री कधीतरी आवाज बदलला. आधी रीफवर फट्‌ फट्‌ असा सुटा आवाज येत होता, आता लांबून गडगडत येणारा, संपता संपत नाही असा, आणि मधे मोठी शांतता. मी मच्छरदाणीतून बाहेर येऊन बसले. उजाडलं तसं दिसायला लागलं. वारा शून्य, पाणी तेल ओतल्यासारखं, आणि क्षितिजापासून एकामागून एक सरळ रेषा. पहिली रेषा रीफवर आली, उभी राहिली, माणसाच्या डोक्यापेक्षा चांगली दोन हात उंच, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता उलगडत गेली. आत कोणी नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

नवरा बाजूला येऊन बसला. आम्ही मोजत बसलो. पाच लाटांचा सेट, मग बारा-पंधरा मिनिटं काही नाही, मग परत पाच.

तोवर गावभर धूर निघायला लागला होता. रविवारचा उमू. दगड लाल होईपर्यंत तापवायचे, त्यावर तारो, निरफणस, मासे, पानांत बांधलेल्या पुरचुंड्या, वर आणखी दगड आणि केळीच्या पानांचे थर. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात पोपटी लावतात त्याचा लांबचा भाऊच म्हणायचा, फक्त मडक्याऐवजी दगड. आणि इथे हे काम घरातली तरुण पोरं करतात, बायका नाही. मावशींचा मोठा मुलगा एका लाकडी बैठकीवर बसून पुढच्या लोखंडी पात्यावर नारळ खवत होता. मी बघतच राहिले. आमच्या घरची विळी-खवणी! मी खुणेनेच मागितली, एक मांडी मोडून बसले आणि सहा-सात नारळ खवून दिले, कोपर दुखत असूनसुद्धा, कारण तो हात फिरायला लागला की थांबत नाही. मावशी बाहेर आल्या, बघितलं, आणि आत जाऊन आणखी दोघींना बोलावून आणलं बघायला. त्यानंतर त्या घरात मी पाहुणी राहिले नाही.

खवलेलं खोबरं सालीच्या धाग्यांच्या जुडग्यात गुंडाळून पिळायचं, पाणी न घालता, जाड मलईसारखा रस निघतो. तो तारोच्या कोवळ्या पानांत कांदा-मीठ घालून बांधायचा, हे पालुसामी. तारो म्हणजे आपलं अळूच. लहानपणापासून चिंच-गुळातलं फदफदं आणि अळूवडी खाल्लेल्या माणसाला ते नारळाच्या रसात शिजून लोण्यासारखं झालेलं अळू पहिल्यांदा खाताना काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही, ओळखीचं आणि एकदम नवीन, दोन्ही.

चर्चला आम्हीही गेलो. सगळे पांढऱ्यात, मावशींनी मला त्यांचा एक पांढरा पोशाख दिला. भाषा कळत नव्हती, पण तीन-चार पट्ट्यांत बांधलेलं ते गाणं वाद्याशिवाय सुरू झालं आणि गाणं थांबलं की मागे समुद्राचा गडगडाट. बाहेर येईपर्यंत वारा सुटलेला होता आणि रेषांवर पांढरा फेस. गेली ती सकाळ.

गावात वावरताना काय पाळायचं ते लिहून ठेवते: फालेत मांडी घालून बसा, कोणाच्या दिशेने पाय पसरू नका, रस्त्यातून चालताना खाऊ नका, किनाऱ्यावरून गावात येताना बिकिनी किंवा नुसत्या चड्डीवर येऊ नका, कमरेला लावालावा गुंडाळा. समुद्रात उतरायच्या आधी गावाची फी विचारा आणि द्या. आपल्याला यातलं बरंचसं घरूनच शिकवलेलं असतं.

सोमवार

चारला उठले. कोपराला टेप, पायात बूट. स्वेल थोडी उतरली होती, तरी सेट डोक्याच्या वर होते. पाण्यात आम्ही दोघं, नातू, आणि पलीकडच्या फालेत उतरलेले साठीचे एक ऑस्ट्रेलियन काका. चौघं. एवढ्या लाटेला.

पहिला अर्धा तास मी नुसती बसून होते, धीर होत नव्हता. लाट रीफवर यायच्या आधी पुढचं सगळं पाणी ओढून घेते, तळाचा तो तपकिरी गड्डा वर आल्यासारखा दिसतो आणि चळ्‌चळ्‌ असा आवाज होतो, तो ऐकला की पोटात गोळा येतो. काका म्हणाले, खाली बघू नकोस, जिकडे जायचंय तिकडे बघ. नातू काही म्हणाला नाही, पुढची लाट आली तशी त्याने स्वतः घेतली नाही, माझ्याकडे बघून "गो, गो" ओरडला.

चार हात मारले, बोर्ड खालून उचलला गेला, उभी राहिले आणि उतरताना एक क्षण पायाखाली काहीच नाही असं वाटलं, मग कड धरली. समोर भिंत, हिरवी, आरपार उजेड येत होता आणि ती पुढे पुढे उभी राहत जात होती, मी फक्त गुडघे वाकवून तिच्याबरोबर. किती वेळ ते माहीत नाही, नवरा म्हणतो दहा-बारा सेकंद असेल. चॅनलमध्ये बाहेर पडले तेव्हा हात थरथरत होते आणि मी मराठीत काहीतरी जोरात ओरडत होते.

अशा सहा लाटा मिळाल्या. सहाच. भरती उतरायला लागली तशी या वेळी मुकाट बाहेर आले.

मंगळवार, बुधवार

मंगळवारी सकाळपासूनच वारा, म्हणून गाडी काढली. तागा गावाजवळ आलोफाआगाचे फवारे आहेत, लाव्ह्याच्या नळ्यांतून समुद्राचं पाणी घुसतं आणि वरच्या भोकातून कारंज्यासारखं कित्येक मीटर उडतं, गावातले एक आजोबा त्यात नारळ टाकतात आणि तो तोफेच्या गोळ्यासारखा आकाशात जातो. कातळ निसरडा आहे, कडेला जाऊ नका.

मग उत्तरेला सालेआउला. मातावानू ज्वालामुखी १९०५ ते १९११ अशी सहा वर्षं वाहत होता, गावंच्या गावं गेली, पुष्कळ कुटुंबं उपोलूला जाऊन वसली. तिथे एका चर्चच्या भिंती उभ्या आहेत आणि आत गुडघ्यावर, कमरेवर लाव्हा, दारातून शिरून थिजलेला. कोसळलेल्या पत्र्याच्या पन्हाळ्या त्या दगडात उमटून राहिल्यात, मी त्यावरून बोटं फिरवली. बाकी लाव्हा दोरखंडासारखा पिळा पडलेला. सह्याद्रीचा कातळही अशाच वाहत्या लाव्ह्याचा, पण त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. हा माझ्या पणजीच्या काळातला आहे. भेगांतून नेचे आणि छोटी झाडं नुकती वर येतायत.

बुधवारी पाऊस, झोडपून. ताट्या सोडून दिवसभर आत. मावशींकडून कोको सामोआ शिकले, भाजलेला कोको कुटून पाण्यात उकळायचा, गाळायचा नाही, तळाशी रवा राहतो, साखर भरपूर. उसाच्या रसाइतका गोड आणि काढ्याइतका दाट.

गुरुवार

सकाळी गुडघाभर लाट, नातवाबरोबर शेवटचा तास. त्याला माझी जास्तीची लीश आणि उरलेलं वॅक्स दिलं. त्याने लीश लगेच बांधली आणि परत पाण्यात पळाला, निरोप वगैरे काही नाही.

न्यूझीलंडला परतणाऱ्यांसाठी: बोर्ड, बूट, बॅग गोड्या पाण्याने स्वच्छ धुवा, वाळूचा कण ठेवू नका, शंख-शिंपले-प्रवाळ आणू नका, असेल ते फॉर्मवर लिहा.

मावशींनी निघताना केळीच्या पानात बांधलेली एक पुरचुंडी हातात ठेवली. मी म्हटलं, मावशी, ऑकलंडला खाण्याचं नेऊ देत नाहीत. मावशी हा शब्द मी मोठ्याने बोलून गेले होते, त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. "मग फेरीवर खा," म्हणाल्या.

फेरी सुटल्यावर डेकवर बसून सोडलं. वरचं पान तपकिरी झालेलं, आत दोन पालुसामी, अजून कोमट. नवऱ्याने एक घेतलं, मी एक. आपोलिमा मागे जाईपर्यंत दोघंही बोललो नाही, पान पुसून खाल्लं.